कडू लागतंय का?

माझ्या नवऱ्याला शॉपमध्ये सगळे 'दाढी' म्हणायचे. मालकापासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत. दाढीला विचार, दाढीकडे दे, ही शेड दाढीशिवाय कुणाच्या बापाला जुळणार नाही. ठोकलेल्या, खरचटलेल्या गाड्या आमच्याकडे येतात आणि नव्यासारख्या होऊन जातात, आणि त्यातला शेवटचा, सगळ्यांना दिसणारा रंगाचा हात त्याचा. मी त्याच शॉपमध्ये मास्किंग करते. म्हणजे गाडीच्या ज्या भागाला रंग लागायला नको, तो टेप आणि कागदाने झाकायचा. काचा, दिवे, रबर, हँडल. मी झाकायचं आणि त्याने मारायचं, असा आमचा संसार आधी शॉपमध्ये सुरू झाला आणि मग घरी. त्यामुळे आमच्यात अहो-जाहो कधी आलंच नाही. जो माणूस पहिल्याच दिवशी माझ्या टेपच्या रेघेकडे बघून 'ही काय नदी वाहतेय?' म्हणून खेकसला, त्याला मी अहो म्हणणार? शक्यच नाही.

लग्न झालं तेव्हा त्याला दाढी नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं रामायण त्या दाढीवरूनच झालं.

त्याला एक धाकटा भाऊ. दोघांत दीड वर्षाचं अंतर, जुळे नव्हेत, पण चेहरा डिट्टो. तेच कपाळ, तीच हनुवटी, तोच गालावरचा खळगा. सासूबाई धाकट्याला छोट्या म्हणायच्या आणि माझ्या नवऱ्याला मोठ्या. छोट्या म्हणजे बोलका, नकलाकार, घरात शिरला की घर भरायचं. माझा नवरा घरात शिरला की चपला काढल्याचा आवाज यायचा, तेवढाच. सासूबाई छोट्याच्या नकलांना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायच्या आणि हा कोपऱ्यात बसून आईला हसताना बघायचा. मत्सर वगैरे नाही हं. भावावर जीव होता त्याचा.

तो छोट्या बोटीवर कामाला गेला. सुरुवातीला दर आठवड्याला फोन, मग महिन्याला, मग कधीतरी. मग नंबरच लागेना. बोटीच्या कंपनीने सांगितलं, मधल्या कुठल्याशा बंदरात तो उतरला आणि परत आला नाही. आम्ही चपला झिजवल्या, कुणाकुणाच्या हातापाया पडलो, हाती काही लागलं नाही. गेल्याचं कळलं असतं तर रडून मोकळे तरी झालो असतो, असं मी एकदा बोलून गेले. त्यावर सासूबाईंनी माझ्याशी अबोला धरला. त्यांच्यापुढे तो विषय पुन्हा काढायची माझी काय टाप!

तेव्हापासून त्या खिडकीशी बसायच्या. संध्याकाळी, दिवे लावायच्या आधी उजेड जरा पुसट होतो ना, नेमका त्या वेळी माझा नवरा कामावरून यायचा. दारात उभा राहिला की सासूबाई धडपडत उठायच्या. "छोट्या?" असं म्हणत दोन पावलं पुढे यायच्या. मग जवळून बघितलं की चेहरा खाडकन उतरायचा.

"अच्छा. तू होय."

एवढंच. त्यात वाईट असं काही नव्हतं, आणि लगेच त्या त्याला पाणीही द्यायच्या. पण रोज घरी आल्यावर रोज कुणीतरी तुमच्याकडे बघून निराश व्हायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. एक दिवस त्याने रेझर फळीवर ठेवला तो ठेवलाच. मला वाटलं आळस. दाढी हनुवटीखाली उतरायला लागली तेव्हा मी विचारलं, "हे काय जंगल वाढवलंयस?" तर म्हणाला, "असू दे. तिला लांबूनच कळेल, की मीच आहे."

कळायला लागलं खरं. दाढी दिसली की सासूबाई उठायच्याच नाहीत. बसल्या जागेवरून "आलास का" म्हणायच्या आणि पुन्हा बाहेर बघायच्या. निराशा संपली, पण ते धडपडत उठणंही संपलं. यावर तो माझ्याशी फक्त एकदा बोलला, तेही पाठ करून. "मी हरवलो असतो तर तिने अशी वाट बघितली असती का गं?" मी म्हटलं, "वेड लागलंय का तुला?" पण खरं सांगायचं तर मलाही उत्तर माहीत नव्हतं. त्या बाईच्या मनात थोरल्यासाठी नेमकं काय आहे, हे त्या घरात इतकी वर्षं काढूनही मला कळलं नव्हतं.

मग सासूबाईंना विसर पडायला लागला. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग जेवलो की नाही ते, मग साल कुठलं ते. शेजारीण कोण हे विसरल्या, माझं माहेर विसरल्या. दाढी मात्र विसरल्या नाहीत. दाढी म्हणजे मोठ्या, हे पक्कं.

आणि याच सुमाराला त्याचा खोकला सुरू झाला. संध्याकाळी घरी आलं की ढास लागायची, ती पार झोपेपर्यंत. आवाजही घोगरा झाला. "धूळ आहे," म्हणायचा. मी म्हटलं, "धूळ मीही खाते, मी का खोकत नाही?" तर म्हणे, "तू बोलत असतेस, तुझ्या तोंडात शिरायला धुळीला जागाच मिळत नाही." घ्या! खोकून खोकून बेजार झाला तरी टोमणा मारायला श्वास शिल्लक.

तर असं चाललेलं असताना शॉपमध्ये एक शिकवणाऱ्या बाई आल्या. मालकाला एका मोठ्या कंपनीच्या गाड्यांचं काम मिळायचं होतं आणि कंपनीची अट होती, की सगळ्या कामगारांना सुरक्षेचं शिक्षण दिलेलं असलं पाहिजे. आम्ही आपलं समजलो, पंख्याखाली बसून डुलक्या काढायची सोय झाली. पॉलिशवाला तर पाठ टेकायला भिंत शोधूनच बसला. बाई बुटक्या, केस आखूड कापलेले, हातात मोठी पेटी. आवाज मात्र कंप्रेसरसारखा. त्या बोलायला लागल्या आणि पॉलिशवाला सरळ झाला.

"रंग मारताना मास्कचा फिल्टर संपलाय हे कसं कळतं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"वास यायला लागतो," माझा नवरा म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"बरोबर. थिनरचा वास येतो. पण वरच्या चकचकीत थरात, त्या क्लिअरमध्ये जो हार्डनर घालता, त्यात जे आहे ते वास येईल एवढं हवेत झालं, म्हणजे तुम्ही आधीच पुष्कळ गिळलेलं असतं. तुमचं नाक त्याच्यापुढे आंधळं आहे." मग म्हणाल्या, "कुणाला वर्षानुवर्षं काही होत नाही. आणि एक दिवस शरीर त्याच्याशी वैर धरतं. मग थेंबभरही सोसत नाही. बूथच्या बाहेर उभं राहिलं तरी दम कोंडतो. त्या माणसाचं रंगकाम संपलं. पगारी रजा नाही, विश्रांती नाही, संपलं."

बूथ म्हणजे आमची रंग मारायची बंद खोली, चारी बाजूंनी दिवे आणि मोठे पंखे लावलेली. बाईंनी पेटीतून धुराचं यंत्र काढलं आणि सगळा बूथ पांढऱ्या धुराने भरून टाकला. आम्ही बाहेर काचेला नाकं लावून उभे. पंखे चालू केले. "आत हवा साफ झाली असं वाटलं की सांगा," म्हणाल्या. धूर भराभर विरला. "झाली!" पेंटर लोक एका सुरात ओरडले. माझा नवरा तर सगळ्यात आधी. बाईंनी टॉर्च काढला आणि काचेतून आत झोत टाकला. त्या झोतात धूर दुधासारखा तरंगत होता.

"रंगाचे कण असेच असतात. आणि तुम्ही मास्क कधी वर करता?"

पेंटर एकमेकांकडे बघायला लागले. मी बोलले, मला कुठला दम निघतोय! "हा तर लगेच करतो, बाई. शेवटचा हात मारला रे मारला की मास्क आणि गॉगल कपाळावर, आणि गाडीच्या दाराशी वाकून बघत बसतो, ओल्या रंगात ट्यूबलाइट सरळ दिसते की वाकडी."

"गॉगलमधून दिसत नाही नीट," तो पुटपुटला. ते खरं होतं. आणि त्याला आयुष्यात सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर ते हे बघणं. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी काचेबाहेरून बघायचे. घरी कधी दिसलं नाही ते मला.

दुपारी मास्कची टेस्ट होती. ती अशी, की डोक्यावर एक पारदर्शक पिशवीसारखा टोप घालायचा, आत मास्क लावायचा, आणि बाई बाहेरून टोपात कडूजहर औषधाचा फवारा सोडणार. मास्क चेहऱ्याला घट्ट बसला असेल तर जिभेला काही कळत नाही. कुठून हवा आत जात असेल तर तोंड कडू होतं. मान वळवायची, वाकायचं, मोठ्याने आकडे म्हणायचे, आणि बाई मधूनमधून विचारणार, "कडू लागतंय का?"

जेवणाच्या सुट्टीत हा जो नाहीसा झाला तो दाढी चमकवत परत आला. मी जवळ जाऊन वास घेतला. व्हॅसलीन! पेंटर लोकांमध्ये ही जुनी अक्कल आहे, दाढीला व्हॅसलीन चोपडलं की मास्कखालून हवा जात नाही म्हणे. मी कपाळाला हात लावला.

बाईंनी बघितलं आणि सांगितलं, "दाढीवर ही टेस्ट घ्यायचीच नसते. केसांमधून हवा जाते."

"माझा मास्क घट्ट बसतो. घ्या तुम्ही."

"बरं. तुमची खात्री पटावी म्हणून घेते. पास करणार नाही."

टोप चढवला. फवारा मारला. "कडू लागतंय का?"

"नाही."

"मान डावीकडे. उजवीकडे. आकडे म्हणा. कडू लागतंय का?"

"नाही."

आता, हा माणूस कडू औषध घेताना डावा डोळा बारीक करतो. लग्नापासून बघतेय. टोपाच्या आत त्याचा डावा डोळा पार मिटला होता आणि कपाळाला घाम फुटला होता, तरी हा आपला 'नाही, नाही' म्हणतोय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाई, थापा मारतोय हा!" मी ओरडले. "तोंड बघा त्याचं, कारल्याच्या रसात बुडवून काढल्यासारखं!"

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी टोप काढला आणि त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली. त्याने ती एका दमात रिकामी केली. "ही टेस्ट यंत्र घेत नाही," त्या हळूच म्हणाल्या, "तुमची जीभ घेते. तुम्ही खोटं बोललात तर मला फसवता येईल. पण मी थोडीच आत जाणार आहे?" मग माझ्याकडे वळून विचारलं, "सुट्टीच्या दिवशी याला खोकला कमी असतो का?"

कमी असायचा. सुट्टीच्या दिवशी नसायचाच. इतके दिवस डोळ्यांसमोर असून हा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता.

बाईंनी पाठवलं त्या डॉक्टरांनी त्याला एका नळीत फुंकायला लावलं, पुन्हा पुन्हा, लाल होईपर्यंत. मग म्हणाले, हे आत्ता तरी थिनरचं आणि धुळीचं दिसतंय, हार्डनरने अजून धरलेलं नाही. अजून वेळ गेलेली नाही. पण असंच चाललं तर सांगता येत नाही. बाईंनी मालकाला सांगितलं, की पूर्ण डोकं झाकणारा आणि बाहेरून हवा येणारा टोप मिळतो, त्यात दाढी चालते, तो मागवा. मालकाने छताकडे बघितलं. "बघू. पुढच्या खेपेला बघू." तोपर्यंत दोनच वाटा. दाढी काढायची आणि घट्ट मास्क लावून बूथमध्ये जायचं, किंवा दाढी ठेवायची आणि पॉलिशला जायचं.

"पॉलिशला जातो," हा म्हणाला.

घरी जाताना रस्त्यावरच मी त्याला धरलं. "तू आणि पॉलिश? दुसऱ्याने मारलेला रंग तू चोळत बसणार? चार केसांसाठी?"

"चार केस नाहीत ते."

"मग काय सोन्याच्या तारा आहेत?"

तो थांबला. "मला परत ते 'तू होय' ऐकायचं नाहीये. आता तर तिला काही कळत नाही. रोज दहादा म्हणेल."

मी त्याची बाही सोडली आणि चालायला लागले.

पॉलिशला गेला तो. दिवसभर मान खाली घालून बोनेट घासायचा. आणि दुसरा पेंटर बूथमध्ये शिरला की याचं यंत्र आपोआप बंद. काचेशी जाऊन उभा राहायचा. आतल्या माणसाचा हात सरकला की बाहेर याचाही हात सरकायचा, रिकामा, रंगाची गन धरल्यासारखा, मनगट न वळवता. मी टेप लावता लावता बघायचे. माहेर तुटलेल्या बाईने लांबून घर बघावं तसा तो बूथकडे बघायचा. जेवण कमी झालं, बोलणं तर आधीच कमी होतं. मी काही म्हटलं नाही. या माणसाला ढकलून चालत नाही, अडून बसतो.

एका संध्याकाळी तो माझ्यासोबत निघाला आणि वाटेत सलूनमध्ये शिरला. मी पुढे घरी आले, स्वयंपाकाला लागले. दार वाजलं म्हणून हात ओले तसेच घेऊन बाहेर आले, तर दारात माझा नवरा उभा, गुळगुळीत. इतक्या वर्षांनी त्याचे गाल बघितले मी! तो खळगा मी विसरूनच गेले होते. वय दिसत होतं, पण चेहरा तोच, लग्नातला. मी लाजले, खोटं कशाला सांगू.

खिडकीशी सासूबाई उठून उभ्या राहिल्या. गुडघे दुखतात, आधाराशिवाय उठत नाहीत, पण उठल्या.

"छोट्या," त्या म्हणाल्या. या खेपेला विचारलं नाही, सांगितलं.

त्या जवळ आल्या. मी जीव मुठीत धरून बघत होते, आता चेहरा उतरणार, आता ते दोन शब्द येणार. चेहरा उतरला नाही. नजर अधू झालेली, आठवण त्याहून अधू. त्यांनी दोन्ही हातांनी त्याचे गाल धरले. "किती वाळलास रे. कुठे होतास इतके दिवस? जेवला नाहीस ना?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग तो म्हणाला, "आलो गं."

त्या संध्याकाळी सासूबाई पोटभर जेवल्या आणि हसल्या. हा नंतर मोरीशी तोंड धुवायच्या निमित्ताने उभा राहिला, नळ सोडून. मला म्हणाला, "तिने माझ्या गालाला हात लावला." आणि मग, "त्याच्या म्हणून लावला. पण गाल माझाच होता ना?" मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. रडला तो.

बाईंनी पुन्हा टेस्ट घेतली. "कडू लागतंय का?" "नाही." दोन्ही डोळे टक्क उघडे. मी मान डोलावली तेव्हा बाईंनी सही केली. पॉलिशवाला म्हणाला, "दाढी, आता तुला हाक काय मारायची रे?" डेंट काढणारा म्हणाला, "क्लिअर मारलेला माणूस!" हा हसला आणि बूथमध्ये शिरला. शेवटचा हात मारून झाला, सवयीने हात मास्ककडे गेला, आणि तिथेच थांबला. हवा साफ होईपर्यंत तो गन टांगून, भिंतीशी शाळेत शिक्षा झाल्यासारखा उभा राहायचा. तेवढा वेळ त्याला खायला उठायचा, पण मास्क वर केला नाही. हळूहळू खोकला उतरला. मग थांबला. मी मनातल्या मनात त्या बुटक्या बाईंना हात जोडले.

घरात मात्र निराळंच सुरू झालं होतं.

"मोठा कुठाय?" सासूबाईंनी आधी मला विचारलं. मी म्हटलं, "कामावर." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोज. मग त्यांनी ताट बाजूला सारायला सुरुवात केली. "तो येऊ दे, मग जेवते."

त्याने सांगून बघितलं. समोर बसून, त्यांचे हात हातात घेऊन. "आई, मीच मोठा. दाढी काढलीय मी." सासूबाई हसल्या. "नकला करायची खोड गेली नाही तुझी. त्याचा आवाज हुबेहूब काढलास." मग हसू मावळलं आणि त्या त्याच्याकडे झुकून बोलायला लागल्या, मन मोकळं करावं तशा. मी दारात भांडं पुसत उभी होते, ती तशीच राहिले.

"तुझी मी वाट बघितली हो, पण काळजी नाही केली कधी. तू कुठेही गेलास तरी चार माणसं जोडशील. तो मुका आहे. त्याला काही दुखलं तर सांगणार नाही. ते रंगाचं काम छातीत जातं त्याच्या. रोज भिंतीपलीकडून त्याचा खोकला ऐकत पडते मी. तो निजला की मग मला झोप लागते. आता कित्येक दिवस झाले, खोकलाच ऐकू येत नाही." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "पलीकडे कुणी नाहीच आहे रे. कुठे गेला असेल? माझं कुठे काय चुकलं, म्हणून न सांगता गेला?"

माझ्या नवऱ्याचा चेहरा मला बघवला नाही. उभ्या जन्मात जे ऐकायला तो आसुसला होता, ते त्याच्या तोंडावर बोललं जात होतं, आणि ते त्याला सांगितलेलं नव्हतं. तो "आई, आई" एवढंच म्हणत राहिला. त्या म्हणाल्या, "तू शोध ना त्याला. भाऊ आहे तुझा."

"दाढी वाढव," मी त्याला म्हटलं. "जाऊ दे तो बूथ."

"आणि खोकला?" तो म्हणाला. "पॉलिशच्या धुळीने तो परत आला की ती परत जागी राहणार. आणि छोट्याला पुन्हा घालवू तिच्या डोळ्यांदेखत?" मालकाने तो दाढी चालणारा टोप मागवला होता म्हणे, पण कधी येणार ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी आले तरी हा आला नव्हता. सासूबाई खिडकीशी. माझा मोबाइल वाजला. त्याचाच नंबर.

"आईला दे," तो म्हणाला.

मी फोन त्यांच्या कानाशी धरला. आणि त्याच वेळी मला त्याचा आवाज दोन ठिकाणांहून ऐकू आला, फोनमधून आणि खालून, जिन्यातून. तो जिन्याच्या पायरीवर बसून बोलत होता.

"आई, मी बोलतोय. मोठा."

"मोठ्या!" सासूबाईंनी माझ्या हातातून फोन हिसकावून घेतला. समोर चेहरा नव्हता. नुसता घोगरा आवाज, आणि तो त्यांनी पहिल्या शब्दाला ओळखला. "अरे कुठे आहेस? किती वाट बघायची माणसाने! जेवतोस का? खोकला कसाय?"

"थांबला गं. आता मास्क नीट लावतो."

"थांबला? मग बरं." त्या डोळे पुसत होत्या. "छोट्या आलाय घरी. म्हणून रागावलास का तू?"

जिन्यात पायरीवर चप्पल घासल्याचा आवाज आला.

"नाही गं आई. रागावलो नाही."

"मग ये ना. तुझ्यावाचून घर खायला उठतं."

"येतो. निघालोच आहे."

"ये हो. मी जेवायची थांबते."

फोन बंद झाला. बऱ्याच वेळाने पायऱ्यांवर पावलं वाजली आणि तो दारात येऊन उभा राहिला. डोळे लाल, गाल गुळगुळीत. सासूबाईंचा चेहरा आनंदाने फुलून गेला होता. "छोट्या, अरे दादाचा फोन आला होता! येतोय तो. निघालाय म्हणाला. तू जेवून घे बाबा, तुला भूक लागली असेल. मी थांबते त्याच्यासाठी."

त्याने चपला काढल्या. "मीही थांबतो," म्हणाला.

त्यांनी सरकून त्याला शेजारी जागा करून दिली. दोघं खिडकीतून खाली रस्त्याकडे बघत बसले. कामावरून परतणारी माणसं वळणावरून येत होती, एकेकटी, दोघंदोघं. प्रत्येक माणूस दिसला की सासूबाई त्याच्या हाताला धरून विचारायच्या, "तो का रे?" तो पुढे वाकून नीट बघायचा आणि म्हणायचा, "नाही गं. तो नाही."